कर्ण्याचा आवाज आणि पेटीची ऊब

लाउडस्पीकरचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे बहुतेक लोक तो आवाजापासून सुरू करतात. आज मी तो उष्णतेपासून सुरू करणार आहे. आपल्या झाडीपट्टीत पहिल्याप्रथम जे ध्वनिवर्धक आले, त्यांच्या पेटीतून जेवढा आवाज निघे त्याच्या कितीतरी पट ऊब निघे. ती पेटी काचेच्या दिव्यांची होती. त्या दिव्यांना आपण व्हॉल्व्ह म्हणत असू. आवाज लोकांनी ऐकला, लक्षात ठेवला, त्यावर टाळ्या वाजविल्या. उबेचा मात्र कोणी हिशेब ठेवला नाही. वास्तविक पेटी कोणत्या गावी जाऊ शकेल, किती वेळ चालेल आणि तिला कोण पोसू शकेल, हे सारे त्या उबेनेच ठरविले होते.

कर्णा येण्यापूर्वीचे जग आज कल्पनेत आणणेही कठीण झाले आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वक्त्याजवळ छाती आणि घसा याखेरीज दुसरे साधन नव्हते. आणि पुढे अर्धे शतक तरी हीच स्थिती होती. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. चौदा हजारांवर प्रतिनिधी आले होते, प्रेक्षक वेगळेच. असहकाराचा ठराव तेथे पक्का झाला, आणि तो ज्या मंडपात झाला तेथे ध्वनिवर्धक नव्हता. पुढच्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान केला. त्या रात्री शेवटच्या रांगेपर्यंत जो स्वर पोचला तो माणसाच्या गळ्यातून थेट पोचला. किती शक्ती लागली असेल त्याला? विज्ञान सांगते की साध्या संभाषणात आपला आवाज एका वॅटच्या लाखाव्या भागाएवढी शक्ती बाहेर टाकतो, आणि जीव खाऊन ओरडले तरी हजाराव्या भागाएवढी. एवढ्याशा शक्तीवर आपली कीर्तने, नाटके, दंडार आणि सभा शतकानुशतके चालल्या. मानवी कान हे किती नाजूक यंत्र आहे याची यावरून कल्पना यावी.

या हजाराव्या भागाला वाढवावे कसे, हा प्रश्न प्रथम टेलिफोनवाल्यांना पडला. तार जसजशी लांबे तसतसा आवाज क्षीण होई. उत्तर सापडले ते विजेच्या दिव्यात. दिव्याची तार तापली म्हणजे तिच्यातून काहीतरी बाहेर पडते, हे एडिसनला १८८० नंतरच्या काही वर्षांत दिसले होते; पण त्याचे काय करावे हे त्याला सुचले नाही. १९०४ साली इंग्लंडात फ्लेमिंगने त्यातून वीज एकाच दिशेने वाहू देणारा व्हॉल्व्ह तयार केला. व्हॉल्व्ह म्हणजे झडप. नाव अगदी समर्पक आहे. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्या झडपेत एक तिसरी वस्तू घातली, तारेची जाळी. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावत असतात, वाटेत ही जाळी उभी. जाळीवर किंचित विद्युतदाब बदलला की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो. आपल्याकडच्या माणसाला हे सांगताना मी तलावाच्या तुडुमाची उपमा देतो. तुडुमाचे दार हलवायला एका माणसाचे बळ पुरते. सुटते ते मात्र शेकडो एकर धानाला पुरणारे पाणी. दार हलविणारा पाणी निर्माण करीत नाही. ते आधीच तलावात साठलेले असते. तसेच व्हॉल्व्ह शक्ती निर्माण करीत नाही. भिंतीवरच्या प्लगातून किंवा बॅटरीतून आलेली शक्ती तो गाणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे सोडतो.

१९१९ साली सॅन दिएगो येथे अध्यक्ष विल्सन यांनी सुमारे पन्नास हजार लोकांसमोर अशा यंत्राच्या साह्याने भाषण केले. तेथून सार्वजनिक सभेचे युग बदलले असे म्हणावयास हरकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पेटी तापते का? पुष्कळांना वाटते की तापणे हा यंत्राचा दोष आहे, जसा बैलगाडीचा आस करकरतो तसा. तसे नाही. व्हॉल्व्हच्या बाबतीत उष्णता हे कारण आहे आणि आवाज हा परिणाम. कॅथोड तापविल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नाहीत. नुसत्या टंगस्टनची तार असेल तर ती दोन हजार अंशांच्या वर तापवावी लागे. पुढे कॅथोडवर बेरियम आणि स्ट्राँशियमच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती निघाली, आणि सातशे-आठशे अंशांवर, म्हणजे लालसर निखाऱ्याइतक्या तापमानावर, काम भागू लागले. ही सुधारणा झाली नसती तर घरोघर रेडिओ येणे अशक्यच होते. तरीसुद्धा निखारा तो निखाराच. कोणी बोलत असो वा नसो, तो फुललेलाच ठेवावा लागतो.

एका पेटीचा जमाखर्च मांडून पाहू. १९५० नंतरच्या काळात सभेच्या कामाला ई.एल.३४ या जातीच्या व्हॉल्व्हची जोडी पुष्कळ वापरली जाई. या एका व्हॉल्व्हचा कॅथोड तापविण्यास ६.३ व्होल्टवर दीड अँपिअर, म्हणजे जवळजवळ साडेनऊ वॅट लागतात. दोहोंचे झाले एकोणीस. पुढे माईकचा क्षीण आवाज प्रथम वाढविणारे ई.सी.सी.८३ जातीचे दोन लहान व्हॉल्व्ह, त्यांचे मिळून सुमारे चार. विजेचा प्रवाह एकदिश करणारा जी.झेड.३४, त्याचे पुन्हा साडेनऊ. म्हणजे अजून एक अक्षरही उमटले नाही, तोच नुसत्या शेगड्या पेटविण्यात ३२ वॅट गेले. त्यानंतर मोठ्या दोन व्हॉल्व्हच्या प्लेटवर चारशे व्होल्टच्या आसपास दाब देऊन त्यांतून दोहोंचा मिळून १३० मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहता ठेवायचा. हे आणखी ५२ वॅट. इलेक्ट्रॉन वेगाने येऊन प्लेटवर आदळतात आणि प्लेट तापते. गप्प बसलेल्या पेटीची बहुतेक उष्णता याच ठिकाणी होते. ट्रान्सफॉर्मर, चोक आणि रेझिस्टन्स यांचे पंधराएक धरा. बेरीज शंभराच्या घरात आली.

या शंभर वॅटांच्या बदल्यात पेटी देणार काय? फार तर २० वॅट, आणि तेही वक्ता अगदी टिपेला गेला त्या क्षणी. बोलण्यात थांबे असतात, उतार असतात, श्वास असतात. सरासरी काढली तर एक किंवा दोन वॅट. उरलेले अठ्ठ्याण्णव हवेत.

आमच्या गोंदियाला भात गिरण्यांची सवय. शंभर किलो धान भरडले की सदुसष्ट किलोच्या आसपास तांदूळ पडतो. बाकीचे तूस आणि कोंडा. एखाद्या गिरणीत शंभर किलो धानातून दोन किलो तांदूळ निघू लागला तर मालक दुसऱ्या दिवशी कुलूप लावील. व्हॉल्व्हच्या पेटीची मात्र हीच भरड होती आणि जगभर कोणी तक्रार केली नाही. कारण तो दोन किलो तांदूळ दुसऱ्या कोणत्याही गिरणीत मिळत नव्हता!

काही इंजिनिअरांनी ही उधळपट्टी कमी करण्याची खटपट केली नाही असे नाही. व्हॉल्व्हमधून सतत पूर्ण प्रवाह वाहता ठेवण्याच्या पद्धतीला क्लास ए म्हणतात. तिच्यात गणिताने देखील अर्ध्याहून अधिक शक्ती आवाजाकडे वळविता येत नाही, प्रत्यक्षात तर त्याहून पुष्कळच कमी. गंमत अशी की या पद्धतीत पेटी गप्प असताना सर्वांत जास्त तापते, आणि गायक टिपेला गेला की व्हॉल्व्ह किंचित निवतात. कारण आतापर्यंत त्यांच्या अंगावर पडणारी शक्ती आता कर्ण्याकडे निघून जाते. दुसऱ्या टोकाला क्लास बी. तिच्यात दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात आणि विश्रांतीत जवळजवळ काही खात नाहीत. तिची गणिती मर्यादा साडेअठ्ठ्याहत्तर टक्के आहे. पण एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपविण्याच्या सांध्यावर आवाज फाटतो. म्हणून दोहोंच्या मधली ए-बी पद्धत रूढ झाली. वर मांडलेला हिशेब तिचाच आहे.

घरगुती रेडिओची कथा आणखी विचित्र. देशातल्या पुष्कळ शहरांत तेव्हा कोठे ए.सी. तर कोठे डी.सी. वीज होती. दोहोंवर चालणारे रेडिओ निघाले. डी.सी.वर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून पाचही व्हॉल्व्हच्या शेगड्या एकामागोमाग एका माळेत जोडीत. माळेला लागत ११५ व्होल्ट, घरात येत २२०. उरलेल्या १०५ व्होल्टांचे करायचे काय? एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये जाळून टाकायचे. साडेदहा वॅट केवळ फेकून देण्यासाठी! रेडिओच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याला जी भोके असत आणि ज्यांवर हात ठेवला की चटका बसे, त्यांच्या आत बहुधा हाच गृहस्थ बसलेला असे.

आपल्या भागात हे यंत्र आले कसे, ते पाहू. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवानी काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवीत. १९३९ चे त्रिपुरी अधिवेशन जबलपूरजवळच भरले, आणि गोंदियाहून जबलपूरला नॅरोगेजची गाडी होती. त्याच्या आधी, १९३१ साली आलम आरा हा पहिला बोलपट मुंबईत लागला आणि व्हॉल्व्हची पेटी चित्रपटगृहात शिरली. मात्र प्रोजेक्टरच्या खोलीत जो घाम निघे त्याचे खापर व्हॉल्व्हवर फोडणे अन्यायाचे होईल. तेथे कार्बनच्या कांड्यांमध्ये जळणारा आर्क एकटाच दीड-दोन किलोवॅटची भट्टी पेटवून बसलेला असे. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने कर्ण्याला खेडोपाडी नेले. १९५४ साली डॉक्टर आंबेडकर भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले, तेव्हा आपला हा भाग भंडारा जिल्ह्यातच मोडत असे; गोंदिया वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. त्या काळच्या प्रचाराला जीप, कर्णा आणि बॅटरी या तिन्ही गोष्टी एकत्र लागत. तिन्हींत दुबळी होती बॅटरी.

आणि येथेच उबेचा हिशेब झाडीपट्टीच्या जीवनाला येऊन भिडतो. धान कापून झाले, दिवाळी आटोपली की आपल्याकडे मंडई, शंकरपट आणि नाटक यांचा हंगाम सुरू होतो. अर्जुनी मोरगाव असो, सालेकसा असो की सडक अर्जुनी, दिवसा पट आणि रात्री नाटक, असा शिरस्ता. नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालावयाचे. माणसे हजारांनी, बसायला तणस, डोक्यावर उघडे आकाश. एवढ्या समुदायाला सर्व संवाद ऐकू जावयाचे तर कर्णा हवा. आणि बहुसंख्य गावी वीज नव्हती. मग उपाय बॅटरीचा. सहा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर व्हायब्रेटर लावून, म्हणजे दर सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा प्रवाह तोडून-जोडून, त्यातून व्हॉल्व्हला लागणारा उच्च दाब तयार करीत. लहानशी पेटी घेतली तरी दहा-बारा अँपिअर प्रवाह ओढी. ऐंशी अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर साडेसहा-सात तास पुरणार. जुनी असली तर तिसऱ्या अंकातच मान टाकणार. खलनायकाचा आवाज आधी फाटतो, मग बारीक होतो, मग व्हायब्रेटरची गुणगुण तेवढी उरते. म्हणून जाणता माईकवाला दोन बॅटऱ्या आणी आणि मध्यंतरात प्लेटचा दाब तोडून नुसत्या शेगड्या चालू ठेवी. शेगड्याही बंद केल्या असत्या तर आणखी वाचले असते; पण निखारा पुन्हा फुलायला अर्धे मिनिट लागते आणि तेवढ्यात प्रेक्षक शिट्ट्या मारतात. दुसऱ्या दिवशी त्या बॅटऱ्या जेथे वीज असेल त्या गावी न्याव्या लागत. बारा किलोचे शिसे आणि तेजाब बैलगाडीतून हिसके न बसू देता नेणे, हे नाटक बसविण्याहून सोपे काम नव्हते.

येथे एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. रंगमंचावर प्रकाशासाठी गॅसबत्त्या टांगलेल्या असत. एक मोठी बत्ती आठ तासांत साधारण लिटरभर रॉकेल पिते. लिटरभर रॉकेलात सुमारे दहा युनिट विजेइतकी उष्णता असते. म्हणजे एकेक बत्ती सव्वा किलोवॅटची शेगडी होती, तर पेटी रात्रभर शंभर वॅट खाऊनही पाऊण-एक युनिटच्या पलीकडे जात नसे. तरी लोक पेटीला खर्चिक म्हणत आणि बत्तीला नाही. कारण उघड आहे. रॉकेल वाण्याकडे डब्यात मिळे, पेटीची शक्ती मात्र मैलोगणती दुरून वाहून आणावी लागे. शक्ती किती लागते यापेक्षा ती कोठे मिळते हे गरिबाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. आजचे अर्थशास्त्रज्ञ हे पुष्कळदा विसरतात.

जेथे वीज पोचली तेथे तरी सुख होते काय? लांबच लांब तारेच्या शेवटी असलेल्या गावात २३० व्होल्टचे १८० होत. शेगडीला मिळणारी शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे येथे ती साठ टक्क्यांवर येते. कॅथोड पुरेसा तापत नाही. वरून प्लेट मात्र प्रवाह मागतच राहते, आणि लेप हळूहळू मरतो. लोक म्हणत, व्हॉल्व्ह बसला. फार तापल्याने व्हॉल्व्ह जातात हे सर्वांना ठाऊक असते, कमी तापल्यानेही जातात हे फार थोड्यांना. उलट विदर्भाच्या उन्हाळ्याची व्हॉल्व्हला पर्वा नव्हती. ज्याची काच दोनशे अंशांपर्यंत तापायची, त्याला बाहेरचे ४५ अंश म्हणजे काय? वैशाखातल्या लग्नमांडवात मरत ते कंडेन्सर. त्यांच्या आतला ओलावा उडे आणि कर्ण्यातून घूं असा आवाज येऊ लागे.

दोन वॅटांत हजार माणसांचे भागत होते ते कर्ण्याच्या आकारामुळे. कागदी शंकूचा साधा स्पीकर घेतलेल्या शक्तीपैकी शेकडा एकाच्या आसपास आवाजात बदलतो; पत्र्याचा कर्णा दहा ते वीस. गोडवा कमी, पण पल्ला मोठा. दोन वॅटांचे पाव वॅट म्हटले तरी जीव खाऊन ओरडणारी अडीचशे माणसे झाली. आता हिशेब शेवटपर्यंत नेऊ. त्या काळच्या वीज केंद्रात शंभर भाग कोळशाच्या उष्णतेतून पंचवीस भाग वीज होई. तारांत गळून वीस भाग गावात येत. पेटी त्यातले अर्धा भागही कर्ण्याला देत नसे, आणि कर्णा त्यातला सातवा-आठवा हिस्सा आवाज करी. म्हणजे शंभर भाग कोळशातला एका भागाचा विसावा हिस्सा शब्द होऊन लोकांच्या कानी जाई.

ही भरड बदलली ती ट्रान्झिस्टरने. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो जन्मला. त्याला शेगडी नाही, निखारा नाही. आपल्याकडे १९६० च्या दशकात बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह तयार होऊ लागले आणि त्याच दशकात ट्रान्झिस्टर रेडिओ शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसला. म्हणजे स्वदेशी व्हॉल्व्ह आला तो त्याच्या उतरत्या काळात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला संगणकही २७०० व्हॉल्व्हचाच होता. मात्र सभेच्या पेटीतून व्हॉल्व्ह एकाएकी गेला नाही. पहिले ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते, आणि ते ७५ ते ९० अंशांच्या पुढे टिकत नसत. तापला की तो जास्त प्रवाह घेई, जास्त प्रवाहाने आणखी तापे, आणि काही क्षणांत खलास. ज्या उन्हाळ्याला व्हॉल्व्ह हसत होता त्याच उन्हाळ्याने हा नवा शहाणा आडवा होई. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर हे दुखणे गेले आणि व्हॉल्व्हच्या पेट्या एकामागून एक बिछायत केंद्रांच्या माळ्यावर चढल्या.

तेव्हापासून शक्तीची काटकसर वाढत गेली. आजची क्लास डी पद्धतीची पेटी घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या घरात स्पीकरला देते. या काटकसरीचा परिणाम काय झाला? सभेला पूर्वी शंभर वॅट ओढणारी पेटी पुरे. आज वरातीच्या गाडीवर काही हजार वॅटांची भिंत उभी असते आणि तिच्यासाठी वेगळे जनरेटर. तिरोड्याला आता ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत, एकूण ३३०० मेगावॅट. शक्तीचा दुष्काळ संपला, तसा आवाजाला धरबंधही संपला. शेवटी २००० साली केंद्र सरकारला नियम करून रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद ठेवण्यास सांगावे लागले. पूर्वी हे काम बॅटरी करीत असे. कर्ण्याने घशाची तालीम मोडली ही जुन्या नटांची तक्रार मला अर्धीच पटते. ज्याला देवाने पहाडी आवाज दिला नाही अशा शिक्षकाला, मजुराला, पदर सावरत बोलणाऱ्या बाईला त्या दोन वॅटांनी प्रथमच सभेत उभे केले, हे विसरून चालणार नाही.

जुन्या पेट्यांपैकी बहुतेक ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याच्या किमतीला भंगारात गेल्या. पण व्हॉल्व्ह मात्र अजून मेलेला नाही. गिटार वाजविणारे आणि जुन्या ध्वनीचे शौकीन यांच्यासाठी स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन येथे ई.एल.३४ आजही तयार होतो. त्याच्या शेगडीला आजही ६.३ व्होल्टवर दीड अँपिअरच लागतो.